झूम लेन्सची पारख

गेल्या मार्च महिन्यांत, वार्षिक परीक्षेच्या गडबडींत, आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस भेटावयास शाळेंत आला. पांढरकवड्याच्या बाजूचें त्याचें गांव. वडिलांची कोरडवाहू कापसाची शेती. आणि तो स्वतः लग्नसमारंभांचे फोटो काढून संसारास हातभार लावणारा. मऊ फडक्यांत गुंडाळलेली एक वस्तु त्यानें पिशवींतून काढून आमच्या टेबलावर ठेविली. ती एक वापरलेली झूम लेन्स होती. विकणाऱ्यानें तीन दिवसांच्या बोलीवर ती त्यास पाहावयास दिली होती. "सर, अर्धे पैसे वडिलांनीं कापसांतून दिले आहेत. घ्यावी कीं न घ्यावी, एवढें सांगा," असें तो म्हणाला.

हा प्रश्न ऐकून आम्हांस थोडी लाज वाटली, व तिचें कारण वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं मुलांच्या छायाचित्र मंडळासाठीं, त्यांनींच वर्षभर जमविलेल्या पैशांतून, आम्हीं अशीच एक जुनी लेन्स विकत घेतली होती. नांव मोठें, रंग झगझगीत, वजन भरपूर, एवढें पाहून आम्ही भाळलों. पावसाळा सरतांच फोटोंवर धुकें दिसूं लागलें. आणि टॉर्च लावून पाहतां आंतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली आढळली. ती आमच्या कपाटांत वाढली, कीं घेतली तेव्हांच आंत होती, हें आम्हांस कधींच ठरवितां आलें नाहीं. कारण घेतेवेळीं आम्हीं आंत डोकावून पाहिलेंच नव्हतें. मुलांचे पैसे मात्र गेले ते गेले. त्या चुकीनें आम्हांस जें शिकविलें, आणि या विद्यार्थ्याबरोबर तीन दिवस जें करून पाहिलें, तें येथें क्रमानें मांडीत आहों.

प्रथम झूम लेन्स म्हणजे काय तें पाहूं. साध्या लेन्सचें नाभीय अंतर, ज्यास व्यवहारांत फोकल लेंग्थ म्हणतात, तें कायमचें ठरलेलें असतें. दूरची वस्तु मोठी करून घ्यावयाची तर माणसानें पुढें सरावें किंवा लेन्स बदलावी. १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला, त्या काळच्या छायाचित्रकारास हेच दोन मार्ग होते. नळींतील भिंगांचे गट मागेंपुढें सरकवून एकाच लेन्सचें नाभीय अंतर कमीअधिक करण्याची युक्ति चित्रपटाच्या कामासाठीं 'कुक व्हॅरो' या लेन्सच्या रूपानें १९३२ सालीं प्रत्यक्षांत आली; आणि स्थिर छायाचित्रें घेणाऱ्या पस्तीस मिलिमीटर कॅमेऱ्यासाठीं अशी पहिली लेन्स, फोइग्टलेंडर कंपनीची 'झूमार', १९५९ सालीं निघाली. तिचा पल्ला ३६ पासून ८२ मिलिमीटरपर्यंत होता. आमच्या विद्यार्थ्यानें आणलेली लेन्स ७० पासून २०० पर्यंत जाणारी होती. मांडवाच्या एकाच कोपऱ्यांत उभें राहून वधूवरांसह सगळें बोहलें, आणि क्षणांत केवळ नवरीच्या मुंडावळ्या, अशीं दोन्ही चित्रें तिनें टिपतां येतात.

ही सोय फुकट मिळत नाहीं. एका ठरीव नाभीय अंतरासाठीं भिंगांचे दोष एकमेकांकडून निस्तरून घेणें तितकें कठीण नाहीं. पण ७० वर, २०० वर आणि मधल्या प्रत्येक जागीं ते निस्तरावयाचे म्हणजे पुष्कळ भिंगें लागतात. कॅनन कंपनीच्या ७०–२०० मिलिमीटर, २.८ या लेन्सच्या तिसऱ्या आवृत्तींत २३ भिंगें १९ गटांत बसविलेलीं आहेत, आणि तिचें वजन सुमारें दीड किलो आहे. १९ गट म्हणजे हवेला लागून असलेले ३८ पृष्ठभाग. साध्या कांचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून शेंकडा सुमारें ४ भाग प्रकाश परत फिरतो. विद्यार्थ्यांनीं गुणाकार करून पाहावा: ३८ पृष्ठभाग ओलांडतां ओलांडतां जेमतेम पंचमांश प्रकाश पलीकडे पोहोंचेल, आणि परत फिरलेला प्रकाश आंतल्या आंत भटकून चित्र फिकें करील तो वेगळाच. झाइस कारखान्यांतील शास्त्रज्ञ अलेक्झांडर स्माकुला यांनीं १९३५ सालीं कांचेवर अतिशय पातळ लेप चढवून हें परावर्तन कमी करण्याची रीत काढली. तिच्याच सुधारलेल्या लेपांमुळें आजची झूम लेन्स शक्य झाली आहे. भिंगाकडे तिरपें पाहतां जी जांभळी-हिरवी झांक दिसते ती या लेपाची होय.

या सर्वांचा निष्कर्ष असा, कीं एवढ्या भिंगांपैकीं एखादें जरी किंचित् तिरपें बसलें किंवा पडल्यामुळें सरकलें, तरी चित्र बिघडतें. म्हणून एकाच नांवाच्या, एकाच किंमतीच्या दोन लेन्स हुबेहूब सारख्या निघतीलच असें नाहीं. नांवाची कीर्ति ही त्या जातीची कीर्ति होय. आपल्या हातांत आलेल्या नगाची परीक्षा आपणांसच करावी लागते.

लेन्सच्या तोंडाशीं कोरलेले आंकडे आधीं वाचावे. "१:२.८" असें लिहिलें असेल तर २०० मिलिमीटरवर प्रकाशाच्या दाराचा व्यास २०० भागिले २.८, म्हणजे सुमारें ७१ मिलिमीटर मिळतो. हा भाजक जितका लहान तितकें दार मोठें. हें दार, ज्यास ॲपर्चर म्हणतात, ५.६ वर ठेविलें तर २.८ च्या मानानें चौथाईच प्रकाश आंत येतो. "१:४–५.६" असे दोन आंकडे असतील तर झूम लांबवितां लांबवितां दार लहान होत जाईल, असें समजावें. दिवसा उजेडीं त्याचें कांहीं वाटत नाहीं. रात्रीं नऊ वाजतां, गांवच्या मांडवांत, हाच भेद फोटो येईल कीं हलेल हें ठरवितो.

आतां बांधणीची परीक्षा. लेन्स कॅमेऱ्यास जेथें जोडली जाते तें कडें धातूचें आहे कीं प्लास्टिकचें तें पाहावें, आणि जोडल्यावर ती डगमगते काय तें पाहावें. हलक्या लेन्सला प्लास्टिकचें कडें चालून जातें. जड लेन्सला तें चालत नाहीं. धूळपाण्यापासून जपणाऱ्या लेन्सच्या या कड्याभोंवतीं बारीक रबरी पट्टी असते. ती फाटली नाहीं ना, तें बघावें. नंतर झूमचें कडें एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सावकाश फिरवावें. तें सर्वत्र सारख्या जोरानें फिरलें पाहिजे. वाळू भरडल्यासारखा आवाज येणें, मध्येंच अडणें, किंवा एखाद्या जागीं एकदम सैल पडणें हीं वाईट चिन्हें होत. पुष्कळ झूम लेन्सची नळी लांबवितांना बाहेर येते. ती बाहेर काढून अंगठ्यानें हलकेच बाजूस दाबावी. किंचित् हालली तर चिंता नाहीं, पण लटपटली तर आंतील आधार झिजले आहेत. लेन्सचें तोंड खालीं करून धरावें. नळी आपोआप खालीं घसरली तर तिच्या कड्यास पकड उरली नाहीं. बाहेर येणारी नळी प्रत्येक खेपेस हवा आंत ओढते, आणि हवेबरोबर धूळहि. ज्यांस जिनिंगच्या आवारांत किंवा काळ्या मातीच्या पायवाटांवर काम करावें लागतें, त्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी. शेवटीं स्क्रूंच्या खांचा पाहाव्या. त्या ओरबाडलेल्या असल्या तर लेन्स कोणीतरी उघडली आहे, असें समजून कारण विचारावें.

एक गैरसमज येथेंच दूर करतों. कांहीं लेन्स कानाशीं हालविल्या कीं आंत खुडखुड वाजतात. हात हालल्याचा दोष सांवरण्यासाठीं ज्यांत एक भिंगगट मोकळा ठेविलेला असतो, अशा लेन्समध्यें वीज बंद असतां तो गट थोडा हालतो. ती मोडतोड नव्हे.

यानंतर लेन्सच्या अंतरंगाची परीक्षा. अंधाऱ्या खोलींत, लेन्सचें दार पूर्ण उघडून, एका बाजूनें टॉर्च तिरपा धरावा व दुसऱ्या बाजूनें पाहावें. धुळीचे चारदोन कण दिसणारच. त्यांनीं चित्राचें कांहीं बिघडत नाहीं. पुढच्या कांचेवरील एखादा बारीक ओरखडाहि बहुधा फोटोंत उमटत नाहीं. मागच्या कांचेवरील ओरखडा मात्र अधिक अपाय करितो. भ्यावें तें तीन गोष्टींना: झाडाच्या मुळ्यांसारखे फांटे फुटलेली बुरशी, दुधाळ धुकें, आणि चिकटविलेल्या दोन भिंगांमध्यें कडेनें सुटलेला थर. बुरशी फार वाढली तर लेप खाऊन टाकते. मग तिला पुसून काढलें तरी डाग उरतो. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल चढलें आहे काय, हेंहि याच वेळीं पाहावें. तेलकट पातीं आळसावतात आणि फोटोंचा उजेड चुकतो.

या सर्व कसोट्यांतून आमच्या विद्यार्थ्याची लेन्स बहुतेक उतरली. तोंडाच्या कड्यास एक लहान पोचा होता, व झूमचें कडें मध्यावर थोडें जड होतें. आंतील भिंगें मात्र स्वच्छ होतीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं चित्राची परीक्षा घेतली. त्यास कोणतेंहि महागडें यंत्र लागत नाहीं. शाळेच्या विटांच्या भिंतीवर जुन्या वर्तमानपत्राचीं पांच पानें चिकटविलीं. एक मध्यभागीं व चार चौकटीच्या चार कोपऱ्यांत. कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीसमोर ठेविला. हात सांवरण्याची वीज बंद केली, आणि बोटाचा धक्का लागूं नये म्हणून टायमर लाविला. नंतर ७०, १३५ आणि २०० या तीन जागीं, प्रत्येक जागीं २.८, ४, ५.६ आणि ८ या चार ॲपर्चरांवर, असे बारा फोटो घेतले. प्रत्येक जागीं फोकस नव्यानें केला; कारण पुष्कळ झूम लेन्सचा फोकस झूम फिरवितांच थोडा सरकतो, आणि तो दोष मानीत नाहींत.

फोटो संगणकावर पूर्ण आकारांत उघडून वर्तमानपत्राचीं बारीक अक्षरें वाचीत गेलों. येथें काय अपेक्षावें तें माहीत असलें पाहिजे. पूर्ण उघड्या दारावर मध्यभाग रेखीव आणि कोपरे थोडे मऊ असणें स्वाभाविक आहे. दार दोन पायऱ्या लहान केलें कीं कोपरे सुधारतात. फारच लहान केलें, म्हणजे १६ किंवा २२ वर नेलें, तर उत्तमांतील उत्तम लेन्सचें चित्रहि प्रकाशाच्या विवर्तनामुळें पुन्हां मऊ पडतें. चारी कोपरे सारखेच मऊ असतील तर तो त्या रचनेचा स्वभाव होय. एकच कोपरा पुसट असेल तर एखादें भिंग जागेवरून ढळलें असावें.

आमच्या फोटोंत खालचा उजवा कोपरा पुसट निघाला. विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. पण न्यायाधीशानें एकाच साक्षीवर शिक्षा देऊं नये. आम्हीं ट्रायपॉडवर कॅमेरा उलटा, म्हणजे डोकें खालीं करून बसविला व तोच फोटो पुन्हां घेतला. लेन्सचा दोष असता तर पुसटपणा लेन्सबरोबर फिरून भिंतीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यांत गेला असता. तो गेला नाहीं. भिंतीवरील त्याच पानावर राहिला. म्हणजे दोष आमच्या मांडणीचा होता. कॅमेरा भिंतीशीं समांतर नव्हता. दोरीनें दोन्ही बाजूंचें अंतर मोजून कॅमेरा नीट ठेविला, तेव्हां चारी कोपरे सारखे आले.

मग आम्हीं इतर दोष तपासले. खिडकीच्या उभ्या गजांचा फोटो घेतला. ७० वर गज किंचित् बाहेर फुगलेले व २०० वर किंचित् आंत दबलेले दिसले. बहुतेक झूम लेन्समध्यें असा वांकडेपणा असतो. आजचे पुष्कळ कॅमेरे तो आपणहून दुरुस्त करून दाखवितात, म्हणून लेन्सचें खरें रूप पाहावयाचें तर दुरुस्ती न केलेली 'रॉ' प्रत पाहावी. कडुनिंबाच्या बारीक फांद्या उजळ आकाशासमोर टिपल्या. चित्राच्या कडेस फांद्यांना जांभळी-हिरवी किनार किती येते तें त्यावरून कळतें. कोऱ्या आकाशाच्या फोटोवरून कोपरे किती काळवंडतात तें पाहिलें. सायंकाळीं सूर्य चौकटीच्या अगदीं बाहेर ठेवून चित्र फिकें पडतें काय तें पाहिलें. टेबलावर तिरपी ठेविलेली मोजपट्टी दहा वेळां टिपून, फोकस नेमक्या रेघेवर बसतो कीं पुढेंमागें, हेंहि ताडून घेतलें.

तिसऱ्या दिवशीं दुपारीं विद्यार्थी हिरमुसला होऊन परत आला. त्यानें अर्ध्या किलोमीटरवरील पाण्याच्या टाकीचे फोटो २०० वर घेतले होते आणि टाकीवरील अक्षरें वितळल्यासारखीं दिसत होतीं. आम्हीं त्यास दुसरे दिवशीं सूर्योदयाबरोबर त्याच जागीं उभें राहाण्यास सांगितलें, व विकणाऱ्याकडून आणखी एक दिवस मागून घेतला. सकाळचीं अक्षरें स्पष्ट आलीं. तापलेल्या काळ्या जमिनीवरून वर चढणारी हवा प्रकाशकिरणांना डोलविते. उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाणाऱ्या आमच्या जिल्ह्यांत भर दुपारीं लांबच्या वस्तूवरून लेन्स पारखणें म्हणजे तिच्यावर अन्याय करणें होय.

टिपेश्वर अभयारण्यांत जाणाऱ्या हौशी मंडळीनें तर हें विशेष ध्यानांत ठेवावें. सुमारें १४८ चौरस किलोमीटरच्या त्या रानांत उन्हाळ्यांत वाघ पाणवठ्यावर येतो, आणि नेमकी तेव्हांच हवा डोलत असते. वाघाच्या अंगावरील पट्टे हे माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात. दोन वाघांचे पट्टे कधीं सारखे नसतात, व त्यांवरूनच वाघांची ओळख आणि गणना केली जाते. टिपेश्वरांत जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ सालीं गळ्यांतील रेडिओ-पट्ट्यासह तेराशें किलोमीटरांहून अधिक भटकून बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला, ही वार्ता देशभर गाजली. गळ्यांत पट्टा नसलेल्या इतर वाघांना त्यांच्या अंगावरील रेघाच नांव देतात. तेव्हां ज्या चित्रांत वाघ दिसतो पण रेघ वाचतां येत नाहीं, तें चित्र शोभेचें असेल, साक्षीचें नव्हे. रेखीवपणा ही चैन नसून कित्येकदां तीच चित्राची खरी किंमत असते.

चवथ्या दिवशीं निकाल दिला. पोचा पडलेलें कडें व मध्यावर जड फिरणारा झूम हे दोष विकणाऱ्यास दाखवून किंमत कमी करून मागावी. भिंगें निर्दोष आहेत, चित्र चांगलें आहे, तेव्हां लेन्स घ्यावी. जो दोष कामाच्या आड येत नाहीं तो सोसावा. जो दिवसेंदिवस वाढणार, तो कितीहि स्वस्तांत मिळाला तरी घेऊं नये, हा आमचा नियम. घेतल्यावर ती चामड्याच्या पिशवींत कोंडून ठेवूं नये. पावसाळ्यांत हवाबंद डब्यांत, ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, व पुड्या वेळोवेळीं तापवून कोरड्या कराव्या.

सौदा ठरला, व आम्हीं समजलों कीं विषय संपला. परंतु निघतांना तो घुटमळला. मग त्यानें पिशवींतून दुसरी लेन्स काढिली. ती त्याची स्वतःची जुनी लेन्स. गांवांतील एक पोरगा नव्यानें या धंद्यांत पडत होता. त्यास ती विकून राहिलेली रक्कम उभी करावयाची, असा त्याचा बेत होता. "सर, हिच्यांतहि टॉर्च लावून पाहूं काय?" असें त्यानें विचारलें. आम्हीं टॉर्च त्याच्याच हातीं दिला. पुढून तिसऱ्या भिंगाच्या कडेला बुरशीचा एक बारीक तंतु स्पष्ट दिसला. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.

पुढें आठ दिवसांनीं त्याचा फोन आला. त्यानें त्या पोराला बोलावून, टॉर्च लावून तो तंतु दाखविला होता आणि साफसफाईचा खर्च वजा करून उरलेल्या किंमतीस लेन्स दिली होती. रक्कम थोडी कमी पडली, ती त्यानें दोन लग्नांच्या कामांतून भरून काढली.

आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं पुष्कळांना पुढें कॅमेरा घ्यावयाचा नसेल. पण कांहीं ना कांहीं वस्तु प्रत्येकास विकत घ्यावी लागेल, आणि विकावीहि लागेल. घेतांना टॉर्च पेटविणारे पुष्कळ असतात. विकतांनाहि तोच टॉर्च गिऱ्हाइकाच्या हातीं देईल, त्याची पारख पुरी झाली असें आम्ही समजतों.